क्योज्जातले आमचे मुक्काम

इटलीला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका आधी रोमचं विचारतात, मग पिसाच्या कललेल्या मनोऱ्याचं. मी दोन्ही पाहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांत मी चार वेळा इटलीला गेले आणि चारही वेळा एकाच गावात राहिले. क्योज्जा त्याचं नाव. व्हेनिसच्या दक्षिणेला, त्याच उथळ खाडीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यात उभं असलेलं जुनं शहर. मधोमध एक रुंद रस्ता, त्याला समांतर कालवे, कालव्यांवर पूल आणि दोन्ही अंगांना फुटलेल्या अरुंद गल्ल्या. शेकडो वर्षं तिथली माणसं मासेमारीवर जगली. आमची एकुलती एक मुलगी तिथं नोकरी करते. खाडीच्या चिखलात काय जगतं आणि काय नाहीसं होत चाललंय, याचा अभ्यास हे तिचं काम.

हा विषय तिला कुठून सुचला, ते मला कधी विचारावं लागलं नाही. तिचे वडील दिवाळे गावचे. बेलापूरच्या खाडीकाठी त्यांचं घर, होडी, भावकी सगळं. हे स्वतः मात्र होडीवर गेले नाहीत. आयटीआय करून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकलच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी साताऱ्याकडच्या कोरड्या भागातली, नेरूळच्या एका शाळेत शिकवायला आलेली. आमचं लग्न दोन्ही घरांना न विचारता ठरलं. सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्यापुढं ओल्या बोंबलांची पाटी ठेवली, तेव्हा हा मासा डोक्याकडून धरायचा की शेपटीकडून, असं मी विचारलं होतं. त्यावर घरातल्या बायका किती हसल्या होत्या! म्हणजे पाण्याच्या माणसांत मी आधीपासूनच पाहुणी होते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हिवाळा होता. विमानतळावरून बसनं क्योज्जाच्या स्टॉपवर उतरलो. समोर पांढऱ्या धुक्यात एक दिवा तेवढा दिसत होता. हातातली बॅगसुद्धा नीट दिसेना.

"गाव कुठं हाय?" यांनी विचारलं.

"बाबा, आपण गावातच उभे आहोत," मुलगी म्हणाली.

ते धुकं आठवडाभर हललं नाही. मुलगी सकाळी कामावर जायची आणि आम्ही दोघं तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्याशा घरात खिडकीशी बसून राहायचो. यांची चिडचिड सुरू झाली. एवढ्या लांब येऊन पांढरा पडदा बघायचा का, असं दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. मला मात्र हळूहळू मजा वाटायला लागली. दिसत काहीच नव्हतं, म्हणून ऐकू फार यायचं. दगडी फरसबंदीवर बाजाराच्या ढकलगाडीची खडखड, कालव्यातून जाणाऱ्या होडीचं इंजिन, एका देवळाची घंटा संपता संपता दुसऱ्या देवळाची. खालून जाणाऱ्या बायका एकमेकींशी मोठ्यानं बोलत जायच्या, तो सूर थेट दिवाळ्याच्या मासळीबाजारातला. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी कुणाची तरी तक्रार सांगतंय एवढं नक्की कळायचं.

एका सकाळी भोंगा वाजला. पाणी चढणार असल्याची सूचना होती ती. आता खाडीच्या तोंडाशी मोठे दरवाजे वर येतात आणि फार मोठं पाणी अडतं. तरी सखल गल्ल्यांत थोडंफार येतंच, असं मुलीनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं.

"ओहोटी लागली हाय," हे म्हणाले. "आता उतरंल. मी दूध घेऊन येतो."

"अहो, तिनं सांगितलंय ना, इथं वाऱ्यानं पाणी चढतं म्हणून?"

"मला नको सांगू. खाडीवर जल्मलोय मी."

चामड्याचे बूट घालून गेले. परत आले तेव्हा पाणी गुडघ्याला लागलेलं, एका हातात दूध आणि दुसऱ्या हातात दोन्ही बूट. जिन्यात पहिल्या मजल्याचं दार उघडलं आणि एक उंच, पिकल्या केसांची बाई बाहेर आली. त्या आमच्या खालच्या मावशी, मुलीच्या शेजारीणबाई. त्यांनी यांच्याकडं एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या भाषेत असं काही झापलं की हे गुमान उभे राहिले. मग त्या आत जाऊन हिरवे, मांडीपर्यंत येणारे रबरी बूट घेऊन आल्या. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचे. यांनी हातानं नको नको केलं. मावशींनी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि बूट पायाशी ठेवून, ते घालेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सासूबाईंनंतर यांना असं कुणी दटावताना मी पहिल्यांदा पाहत होते.

वर आल्यावर हे बराच वेळ पाय पुसत बसले. मग म्हणाले, "ही खाडी लबाड हाय. चंद्राचं ऐकत न्हाय, वाऱ्याचं ऐकते."

पण त्या दिवसापासून ते रोज बाहेर पडायला लागले.

दुसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम मार्चच्या शेवटी गेलो. तेव्हा पहिल्यांदा मी क्योज्जा डोळ्यांनी पाहिलं. घरांचे रंग पाहिले: वीटकरी, फिकट गुलाबी, ओलीनं पोपडे निघालेला पिवळा. कालव्यातल्या होड्या निळ्या-तांबड्या. मोठ्या रस्त्याच्या टोकाला पाण्यापाशी एक दगडी खांब आहे, त्यावर व्हेनिसचा सिंह बसवलेला. तो इतका बारका आहे की व्हेनिसचे लोक त्याला मांजर म्हणून चिडवतात. मला तो आवडला. त्याच्या पायाशी बसून आलेगेले बघत राहणं हा माझा सकाळचा उद्योग झाला.

ह्यांचा उद्योग मासळीबाजार. लाल कापडी छतांखाली संगमरवरी ओटे, त्यावर मांडलेली म्हाकुळं, तारली, काचेसारखी बारीक करडी कोळंबी. हे दोन्ही हात पाठीशी बांधून एकेका ओट्यापुढं उभे राहत. भाषा येत नव्हती, पण माशाचा कल्ला उचलून बघायला भाषा लागत नाही. एकदा घरी येऊन फार उत्साहानं सांगायला लागले की इथं कात टाकलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळतात. कवच टाकल्यावर नवं कवच घट्ट व्हायच्या आत, त्या मऊ असतात तेवढ्या थोड्या दिवसांत पकडायच्या आणि अख्ख्या तळून खायच्या. वसंतात आणि मग शरदात, असा दोनदाच त्यांचा हंगाम. "आपन अशी चिंबोरी फेकून देतो," हे म्हणाले. आम्ही ती विकत आणली. मी रवा लावून तळली, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. चांगली झाली.

त्याच मुक्कामात पाडवा आला. मी येताना तांब्याचा गडू आणि एक जरीची साडी आणली होती. कडुलिंब कुठून मिळणार? काठी म्हणून मुलीच्या झाडूचा लांब दांडा वापरला. खिडकीत गुढी उभारली आणि खाली उतरून बघायला गेले, तर हसू आवरेना. गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर चादरी, पायजमे, टेबलक्लॉथ वाळत पडलेले. त्यात आमची गुढी कुणाच्या लक्षातही येत नव्हती. संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा मावशींनी तिला जिन्यात गाठलं. तुझ्या आईचं एक चांगलं कापड वाळून गेलंय आणि काठीवर भांडं विसरलंय, ते पडून कुणाच्या डोक्यात बसेल, असं त्यांनी काळजीनं सांगितलं. मुलीनं त्यांना वर आणून श्रीखंड खायला घातलं. त्यांना ते फार गोड वाटलं, तरी वाटी चाटूनपुसून साफ केली.

त्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. नेरूळमध्ये मी निम्मं आयुष्य काढलं, पण सेक्टरातला रस्ता मी कधी असा बघितला नव्हता. तिथं प्रत्येक रस्त्यावर मला काहीतरी करायचं असायचं: शाळा, भाजी, बँक, दवाखाना. इथं मला कुणी काही करायला सांगत नव्हतं. गाव चालतं कसं, याची चिंता माझी नव्हती. पाहुण्याला गाव फुकट बघायला मिळतं, त्याचं ओझं उचलावं लागत नाही. हे सुख आहे, आणि त्यात थोडं लाजिरवाणंही काही आहे, असं मला वाटायचं.

ते लाजिरवाणं काय, ते ऑगस्टमध्ये नीट कळलं.

मुलीला सुट्टी तेव्हाच होती, म्हणून तिसऱ्यांदा आम्ही ऐन उन्हाळ्यात गेलो. हवा आपल्या ऑक्टोबरसारखी, चिकट. डास आपल्यापेक्षा वरचढ. पुलापलीकडच्या किनाऱ्यावर रंगीत छत्र्यांच्या रांगाच रांगा आणि त्यांच्या आजूबाजूला उन्हात पडलेली उघडी माणसं. हे एकदाच तिकडं गेले आणि मान खाली घालून परत आले. मोठ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या होत्या, कारण माशांना वाढू देण्यासाठी त्या दिवसांत मासेमारी बंद असते. बाजार अर्धा ओस. यांना ते ओळखीचं वाटलं. "आपल्याकडं नारळी पुनवेपर्यंत आसंच," ते म्हणाले.

अशा बाजारात एका ओट्यावर मात्र मोठ्या, निळ्या नांग्यांच्या चिंबोऱ्यांचा ढीग होता, आणि अगदी स्वस्त. यांचे डोळे चमकले. पिशवी भरून आणल्या. मी दिवाळ्याचा मसाला आणलेलाच होता. खोबरं भाजलं, वाटण केलं. घरभर वास सुटला. खालच्या मावशींना आणि त्यांच्या मुलाला जेवायला बोलावलं. मुलगा पन्नाशीचा, खाडीत तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती करायचा. चिखलात बारीक तिसऱ्या पेरायच्या आणि वाढल्या की काढायच्या, असा तो धंदा. राहायला जरा दूरच्या गावी, पण त्या दिवशी आईकडं आला होता.

मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. मावशींनी आत पाहिलं. शिजून नांग्या तांबड्या झाल्या होत्या, तरी त्यांनी ओळखलं. त्यांनी हातातला काटा खाली ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय झालं? तिखट वाटतंय का?" मी विचारलं.

मुलीचा चेहरा उतरला होता. "नाही आई. त्या म्हणतायत, ह्या प्राण्यानं माझ्या मुलाचं शेत खाल्लं. मी त्याला घरात घेत नाही."

मग मुलानं समजावून सांगितलं. ही चिंबोरी इथली नाही. दूरच्या समुद्रातून, बहुतेक जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आली आणि इथं बेसुमार वाढली. तिसऱ्या पेरलेल्या जागेभोवती त्यांनी जाळ्या लावल्या, तर तिनं जाळ्या कापल्या. एका हंगामात त्यानं काढणीला हात घातला आणि वर नुसत्या फुटक्या शिंपल्या आल्या. आता तो एका गोदामात ट्रक भरायचं काम करतो. एवढं सांगून त्यानं स्वतःच्या ताटात एक नांगी वाढून घेतली आणि हसत म्हणाला, मी तरी हिला खाणार. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी भात आणि बटाट्याची भाजी घेतली.

यांनी हातातली नांगी ताटात ठेवली. मग मुलीला म्हणाले, "तिला सांग. आमच्या खाडीत पन तिसऱ्या हुत्या. माझी आय गुडघाभर चिखलात जाऊन काढायची. त्या कुठल्या चिंबोरीनं न्हाय खाल्ल्या. कारखानं आलं, मातीचा भराव आला, खाडी काळी झाली. आनि मी त्याच कारखान्यात नोकरी केली. आमी त्यावरच जेवलो, हिचं शिक्षन पन त्यावरच झालं."

मुलगी एकेक वाक्य थांबून थांबून सांगत होती. शेवटचं सांगताना ती अडखळली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. मुलीनं ते आम्हाला सांगितलं: "मग तुम्ही रागावता कुणावर?"

यांनी मावशींच्या मुलाच्या ताटात आणखी रस्सा वाढला. जाताना मावशींनी माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणजे राग माझ्यावर नव्हता. पण ती स्वस्त पिशवी घेऊन बाजारातून आनंदानं परतणारे आम्ही मला पुन्हा पुन्हा दिसत राहिलो. ज्यांचं गाव असतं, त्यांना तोच ओटा वेगळा दिसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुलावरून चालताना मुलीनं सांगितलं की तिला तिथल्या नोकरीत कायमची जागा मिळाली आहे आणि तिनं होकार कळवला आहे.

हे थांबले. "आनि खांदेश्वरचा फ्लॅट?" नेरूळपासून जवळच असलेला तो फ्लॅट आम्ही तिच्यासाठी घेऊन ठेवला होता.

"तो तुम्ही घेतलात, बाबा. मी मागितला नव्हता."

"आपल्या खाडीत काय कमी चिखल हाय? तो कोन बघनार?"

खालून एक होडी गेली, तिच्या लाटा भिंतीवर आपटून विरेपर्यंत आम्ही तिघं तिकडंच बघत उभे होतो.

नेरूळला परत आल्यावर यांनी जाहीर केलं, "मी पुन्हा जानार न्हाय. पोरीकडं किती वेळा पाहुनं म्हनून जायाचं?"

म्हणून चौथ्या वेळी, पुढच्या ऑक्टोबरात, मी एकटी गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं विमानात बसले. घाबरले होते, पण कुणाला सांगितलं नाही.

शरदातलं क्योज्जा मला सगळ्यांत आवडलं. पाहुणे गेलेले, छत्र्या मिटलेल्या, गाव पुन्हा गावच्या लोकांचं झालेलं. भाजीवाल्यांकडं तांबडे, गोल, कोबीसारखे गड्डे आले होते, कडसर चवीचे. एका रात्री उत्तरेचा वारा सुटला आणि सकाळी आकाश इतकं स्वच्छ झालं की पुलावर गेले तर खाडीच्या पलीकडं, पार क्षितिजाशी, बर्फाचे डोंगर उभे. इतक्या वेळा येऊन मला ते तिथं आहेत हेच माहीत नव्हतं. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही मी बोट दाखवून ते दाखवले. त्यानं नम्रपणे मान डोलावली. तो रोजच बघत असणार.

मावशींनी पहिल्याच दिवशी जिन्यात विचारलं, माणूस कुठाय? मला तोवर थोडे शब्द येत होते. मी म्हटलं, घरी. रागावलाय? त्यांनी भुवया आवळून दाखवलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात तारलीची परात ठेवली. आम्ही दोघींनी मिळून ती साफ केली. त्यांनी ती पिठात घोळवून तळली, मग ढीगभर कांदा मऊ परतून त्यात व्हिनेगर ओतलं आणि मासे-कांद्याचे थर लावून ठेवले. आज नाही खायचं, असं बोट हलवून बजावलं. दोन दिवस मुरलं पाहिजे.

काम करता करता त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलत होत्या. संध्याकाळी मुलगी आल्यावर तिला खाली बोलावून मी अर्थ विचारला. मावशी म्हणत होत्या, माझा मुलगा जेमतेम तासाभराच्या अंतरावर राहतो, तरी येतो तेव्हा पाहुणाच असतो. मी तिकडं गेले की मी पाहुणी. काय बिघडलं?

"आणि आई, एक गंमत आहे," मुलगी म्हणाली. "ह्यांच्या भाषेत पाहुणा आणि यजमान, दोघांनाही एकच शब्द आहे. ओस्पिते. कोण कुणाकडं आलंय ते बोलण्यावरूनच समजायचं."

मी हे रात्रभर डोक्यात घोळवलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी यांचा व्हिडिओ कॉल आला. हे दिवाळ्याच्या जेट्टीवर उभे होते, मागं होड्या. माझ्याशी दोन शब्द बोलून झाल्यावर मुलीनं फोन घेतला. मी आतून ऐकत होते.

"बाबा, आजी तिसऱ्या काढायची ती जागा कुठली? आणि तेव्हा अजून काय काय मिळायचं?"

"तुला कशाला पायजे?"

"मला पाहिजे. इथल्याशी ताडून बघायचंय. आणि तसंही पाहिजे."

मग हे म्हणाले, "विचारून सांगतो."

त्यानंतर त्यांचे लांबलचक व्हॉइस मेसेज यायला लागले. गावातल्या म्हाताऱ्यांना गोळा करून हे विचारत, आणि त्यांच्यात एकमत होत नसे. एक म्हणे शिवल्यांचे शिंपले पुलाच्या अलीकडं मिळायचे, दुसरा म्हणे पलीकडं, तिसरा म्हणे तुम्ही दोघंही तेव्हा जन्मला नव्हता. भांडणासकट सगळं रेकॉर्ड होऊन क्योज्जाला पोचायचं. मुलगी ते ऐकत जेवायची आणि खूप हसायची. एकदा हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा मी उगाचच पाणी आणायला आत गेले.

खांदेश्वरचा फ्लॅट आम्ही एका नव्या जोडप्याला भाड्यानं दिला. यांनीच ठरवलं, मला फक्त सांगितलं.

यंदा जानेवारीत मुलगी दोन आठवडे नेरूळला आली. पहाटे उतरली, पोहे खाल्ले, आणि अंघोळीला जाताना बाथरूमच्या दारात थांबून म्हणाली, "आई, मी टॉवेल कुठला घेऊ?"

ह्याच घरात वाढलेली मुलगी. मी कपाटातून नवा टॉवेल काढून दिला. तिनं तो नाकाशी धरून वास घेतला आणि आत गेली.

बाहेर हे दिवाळ्याला जायला तयार होऊन बसले होते. भावाची होडी सांगून ठेवली होती. ओहोटीला दोघं बापलेक चिखल बघायला जाणार होते. "तिला लवकर आवर म्हन," ते दारातून ओरडले, "आपली खाडी कुनासाठी थांबत न्हाय."

मग आवाज खाली करून मला म्हणाले, "आनि एप्रिलचं तिकीट बघ. दोघांचं."